सारमेयाचा एकच धनी

१ डिसेंबर २०२४, रविवार. येडशी.
कुत्रा आणला. बेंबळीच्या बब्रुवानकडचा, दीड वर्षाचा अस्सल कारवानी. नीरजा फोनवर म्हणाली होती, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही भिंतींशी बोलता. पुण्याला चला कायमचे." मी कळवले, आता घरात दोघे आहोत. वेळ अमावस्येच्या सणाला येऊन बघते म्हणाली. बघावे.
नाव ठेवले सारमेय. देवांची कुत्री सरमा, तिचा वंशज.
निघताना बब्रुवान म्हणाला, "वसंतराव, म्हैनाभर भाकर तुमच्याच हातानं चारा. दुसऱ्याच्या हातात टोपलं दिऊ नका. ही जात एकालाच धनी मानती." नोंद : लोकसमजूत. लेखात चौकट करून टाकावी.

४ डिसेंबर, सकाळी ७.
संकल्प : रोज स्वतः भाकरी थापणे, चारणे, दोन किलोमीटर चालणे. आज थापली. तव्यालाच राहिली.
साप्ताहिकासाठी लेखमाला सुरू : 'एका शिकारी वंशाचा वृत्तान्त'. लेखन आधी. शेजारच्या धुरपदाबाई माझा डबा देतातच, त्यांना एक भाकरी वाढवायला सांगितली. चारायलाही त्याच येतील. सोय झाली.
त्या म्हणाल्या, "दादा, ह्येच्या बरगड्या मोजता येत्यात की!" समजावले, बरगड्या दिसणे हेच या जातीचे सौंदर्य. "मग तुमीबी लई सुंदर हाव," म्हणाल्या.

९ डिसेंबर.
पहिला लेख पाठवला. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर आला म्हणून कारवान, असे सांगतात. लांब मुस्कट, बारीक कंबर. वासावर नव्हे, नजरेवर ससा धरणार. आता शिकारीला बंदी, त्यामुळे सारमेय नुसती नजर ठेवतो. दिवसभर दाराकडे तोंड करून बसलेला. पहारा!
हाक मारली. कान हलला नाही. केवढी एकाग्रता.

१५ डिसेंबर, रविवार.
फिरायला जाणे उद्यापासून. गुडघा. तूर्त धुरपदाबाई शेताला जाताना नेतात. त्यांनी त्याचे नाव 'लंब्या' ठेवले आहे. मी नापसंती व्यक्त केली. "त्येला तर आवडतंय," म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यावरून हाक दिली नि तो कुंपणावरून गेला. वेग थक्क करणारा. दुसऱ्या लेखात घेतला.

२९ डिसेंबर.
तिसरा लेख छापून आला. मलाच दोनदा वाचावासा वाटला. 'हा कुत्रा ज्या हातचे खातो त्या हाताचा होतो. परक्याचा स्पर्श त्याला खपत नाही.' वाक्य चांगले उतरले आहे. वाचून दाखवायला घरात कोणी नव्हते. सारमेय हल्ली शेतावरून अंधार पडल्यावर येतो.
धुरपदाबाईंना पाहून शेपूट हलवतो, मला पाहून नाही. शेजाऱ्यांशी सौजन्य, धन्यापुढे गांभीर्य. कुलीन लक्षण.
नीरजाला फोनवर सांगितले, सारखा पायाशी असतो. त्या वेळी पायाशी चपला होत्या.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या.
गाव ओस, सगळे शेतात. आम्हाला शेत नाही. दरसाल कोणी ना कोणी बोलावते, यंदा धुरपदाबाई. नीरजा सकाळीच आली. पूजेसाठी उभारलेली कडब्याची खोपटी, म्हणजे कोप; भाज्या-शेंगांची भज्जी, ताकातली आंबील. कोपीच्या तोंडाशी सारमेय.
नीरजाला म्हटले, आता बघ. हाक मारली. तीनदा. मग जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला. त्याने वरचा ओठ उचलला आणि गुरगुरला. दात उत्तम आहेत.
"लंब्या, गप," धुरपदाबाई एवढेच म्हणाल्या. तो जाऊन त्यांच्या लुगड्यात तोंड खुपसून बसला. "दादा, मुकं जनावर हाय, मनावर घिऊ नका," म्हणाल्या.
नीरजा हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. माझ्या ताटात भज्जी वाढली.

३१ डिसेंबर, सकाळी ६.
संकल्प अमलात. भाकरी थापली, या वेळी सुटली. धुरपदाबाईंच्या अंगणात नेली. रात्री तो तिकडेच राहिला होता. त्याने हुंगली, मग त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "खा बाळा, दादानं केलीया." मग खाल्ली. अर्धी.
नीरजा माझे स्वेटर बॅगेत भरते आहे. अडवले नाही.
तिसरा लेख पुन्हा वाचला. एक शब्दही बदलण्यासारखा नाही.
उरलेली अर्धी मी खाल्ली. कच्ची होती.