चमकणारे जंतू आणि अकलूजची साखर

३ फेब्रुवारी, सकाळी ९
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. बारा तारखेला कॉलेज तपासायला कमिटी येणार. अंधारात हिरवे चमकणारे जंतू दाखवा, तुमच्या पर्मनंटचं बोलतो, म्हणाले. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर घासतोय. आता सुटलो! जेलीफिशचं जीन जंतूंत घालायचं, एवढंच तर काम.

५ फेब्रुवारी
प्रयोगाच्या किटचं पुस्तक बत्तीस पानी. शिकवणाऱ्याने वाचत कशाला बसायचं? चाळलं. प्लेटमध्ये अरॅबिनोज नावाची साखर घालायची म्हणे. लॅबमधली संपलेली. मागवली तर पुण्याहून चार दिवस. सोलापूर जिल्ह्यात राहून पुण्याची साखर? लोक हसतील. साखर ती साखर, इथलीच घालू.
लॅब अटेंडंट ईरप्पा म्हणाला, सर, कागदावर दुसरंच नाव हाय की. त्याला म्हटलं, तू बाटल्या धू.

९ फेब्रुवारी
मेव्हण्याने अकलूजहून कारखान्याची साखर पाठवली. पांढरीशुभ्र, दाणेदार. दीडपट घातली, चमक जास्त येईल. जंतू बर्फात, मग बेचाळीस डिग्रीच्या पाण्यात, परत बर्फात. जीन आत.
एम.एस्सी.ची तेजश्री हळूच म्हणाली, सर, त्या अरॅबिनोजशिवाय ते जीन चालूच होत नाही. करमाळ्याची कालची पोर मला शिकवते! म्हटलं, तुझी वेगळी प्लेट कर, तिकडे कोपऱ्यात. कळू दे फरक.

११ फेब्रुवारी, दुपारी
जंतू भरपूर वाढले. यूव्ही टॉर्चखाली पांढरेच दिसतात. टॉर्चच्या सेलमध्ये दम नाही. ईरप्पाला नवे आणायला पाठवलं. कमिटीपुढचं पहिलं वाक्य पाठ केलं.

१२ फेब्रुवारी
नवे सेल. दिवे बंद. माझी प्लेट ढिम्म. कोपऱ्यातली तेजश्रीची हिरवीगार! टाळ्या पडल्या. मी पुढे होऊन म्हणालो, आमच्याच मार्गदर्शनाखाली. कमिटीतल्या मॅडमनी विचारलं, साखर कोणती वापरली? तोंडातून निघून गेलं, अकलूजची.
कोणी हसलंसुद्धा नाही. प्राचार्य बुटांकडे बघत राहिले. शेवटी तेजश्रीने उत्तर दिलं, अरॅबिनोज. मैत्रिणीच्या कॉलेजातून चमचाभर आणली होती म्हणे. मला आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं होतं म्हणा, पण ठासून नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

२२ जून
नवं टाइमटेबल लागलं. दोनदा वाचलं. माझं नाव नाही. माझ्या तासांपुढे तेजश्री. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाली म्हणे. राजकारण, दुसरं काय! फार लागलं मनाला.
कपाट रिकामं करायला गेलो. ती पाया पडली, अकरा वर्षांच्या नोट्स मागितल्या. ठणकावून सांगितलं, माझी मेहनत आहे, मिळणार नाहीत.
नोट्स मी कधी काढल्याच नव्हत्या.