बाबा खाली आले असं समजून

३ मार्च
आपत्ती व्यवस्थापनाचं ट्रेनिंग संपलं. बिल्डिंगचा प्रमुख मीच. शिट्टीही मिळाली. मुख्य धडा: भूकंप हा नुसता धोका, त्याची आपत्ती होते ती आपल्या गाफीलपणामुळे. जेवताना हिला समजावलं. ही म्हणाली, आधी बाबांना चौथ्या मजल्यावरून कसं उतरवणार ते सांगा. बाबांचे पाय गेलेत, प्रश्न रास्त आहे. रविवारी बघू.

९ मार्च
पहिली ड्रिल. झकास! बाबांना उचलणार होतो, पण ऐन वेळी कंबरेत उसण भरली. ते खाली आले असं समजून मोजणी केली. सगळे हजर. टाळ्या.
बाबा खिडकीतून बघत होते. नंतर विचारतात, वाचलो का रे मी? भारी मिश्किल.

२३ मार्च
दुसरी ड्रिल. तळमजल्यावरचा सुतार म्हणाला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं मिळून आणू की. या लोकांना प्रोसिजर म्हणून कळत नाही. बेल्टवाली खास खुर्ची हवी. मागवायची आहे. तोवर बाबा आले असं समजायचं.
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसले होते. उगीच.

६ एप्रिल
ड्रिल रद्द. ऊन फार. बाबांना सांगायचं राहिलं. दुपारपर्यंत त्याच शर्टात बसले होते म्हणे.

१७ एप्रिल, सकाळ
खरा धक्का! भांडी खणखणली, पंखा झुलायला लागला. ही दूध आणायला गेलेली. मी शिट्टी फुंकत अख्खी बिल्डिंग खाली उतरवली. मोजणी केली. सगळे हजर, असं ओरडून जाहीरही केलं.
ही धावत आली. बाबा कुठेत, म्हणाली.
सवयीने मोजले होते मी त्यांना.
सुतार वर पळाला, मागे मी. बाबा पलंगावरून पडून दारापर्यंत सरपटत आले होते. कोपरं सोललेली. मला बघून रडले. म्हणाले, शिट्टी ऐकू येत होती रे, म्हटलं तू तरी सुखरूप आहेस.

१८ एप्रिल
ताई आली. तिचं घर तळमजल्यावर आहे. बाबांना नेते म्हणाली. मी म्हटलं, बेल्टवाली खुर्ची आजच मागवतो. ताई बाबांचे कपडे पिशवीत भरत राहिली.
ताईनं आणि सुतारानं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं. मध्ये कुठे टेकवलीसुद्धा नाही. मी पुढे होऊन दारं उघडत होतो.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. विचारलं, कंबर कशी आहे रे आता तुझी?
बरी आहे म्हटलं.