खुर्चीमागचे बाबा

मंगळवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. बाबा सापडले. सुखरूप आहेत. आधी इतिहास मंडळाच्या संग्रहपाल बाईंनी फोनवर सांगितलं, मग मी स्वतः जाऊन पाहिलं, आणि आत्ता ते आतल्या खोलीत घोरताहेत. तेव्हा शांतपणे वाच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं.

हरवले कधी, असं विचारशील. आज सकाळी. दार उघडं होतं, गॅसवर दूध उतू चाललं म्हणून मी आत धावले, तेवढ्यात स्वारी पसार. गल्ली पालथी घातली. बसथांबा झाला, दवाखाना झाला, शेवटी आपल्या जुन्या सलूनपाशी गेले. तिथं आता मोबाइलवाला बसतो. तो म्हणाला, "आले होते की! माझी खुर्ची कुठे लपवलीस म्हणून मलाच दम दिला. मंडळात ठेवलीय म्हटल्यावर तरातरा निघाले." तेवढ्यात बाईंचा फोन आला.

खुर्ची आपण मंडळाला दिली, ते तुला ठाऊक आहेच. सोबत आरसा, कात्र्या आणि लहान पोरांना बसवायची ती आडवी फळीही दिली. खुर्चीला वाळवी लागतेय, असं मी तुला कळवलं होतं.

मंडळाच्या दालनात 'नव्याने मिळालेल्या वस्तू' असा फलक, त्याखाली 'हात लावू नये'. आणि त्या फलकाखालीच आपल्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष बसलेले, गळ्याभोवती टेबलावरचं कापड, मागे बाबा, हातात आपलीच कात्री. बाई पांढरे हातमोजे घेऊन त्यांच्याभोवती घिरट्या घालत होत्या.

"अहो काका, निदान हे तरी घाला!"

"मोजे घालून कोणी केस कापतं का, बाई?"

अध्यक्ष मान न हलवता म्हणाले, "असू द्या हो. चारच केस उरलेत, त्यांचं तरी कोणीतरी मनावर घेतंय."

उजवी बाजू झाली आणि बाबा दमले. कापड झटकून म्हणाले, "उरलेलं उद्या." मग माझ्याकडे वळले. "बसा ताई, तुमचा नंबर."

दादा, हे मी तुला लिहिलं नव्हतं. कित्येक महिने झाले, ते मला ओळखत नाहीत. तुला दर वेळी 'बाबा बरे आहेत' एवढंच कळवत आले. वाळवीसुद्धा नव्हती रे. खुर्ची घरात होती तेव्हा ते दिवसभर तिच्यामागे उभे राहून हवेत कात्री चालवायचे. मला ते बघवेना.

मी बसले. त्यांनी माझं डोकं पुढे झुकवलं, बोटांनी केस बाजूला केले आणि थबकले.

"दोन भोवरे," ते म्हणाले. "चिंगे, काय हे रान माजवलंयस डोक्यावर! आई बघेल तर माझ्यावर ओरडेल."

मी वळून बघायला गेले, तर टपली बसली. "मान हलवू नकोस." मी हलवली नाही. डोळ्यांतलं पाणी आरशात दिसत होतं, पण ते आरशात बघतच नव्हते.

त्यांच्या आठवणीतले चेहरे पुसले गेलेत, डोकी शाबूत आहेत. जन्मभर माणसांच्या मागेच तर उभे राहिले. घरी येईपर्यंत मी पुन्हा 'ताई' झाले होते, पण आता मला वाट माहीत आहे.

उद्या अध्यक्षांची डावी बाजू व्हायची आहे. आत्ता ते तसेच अर्धवट डोक्यानं बैठकीला गेलेत. मंडळाचं नव्या वस्तूंचं प्रदर्शन रविवारी उघडेल. खुर्ची दोरीच्या आत ठेवायची नाही आणि बाबा तिच्यामागे उभे राहतील, असं अध्यक्षांनी बाईंना बजावलंय. बाईंनी मोजे अजून खिशातच ठेवलेत.

रविवारी तू ये. केस कापून येऊ नकोस. आल्या आल्या 'बाबा, मी कोण?' असं विचारत त्यांच्यासमोर उभा राहू नकोस. सरळ जाऊन खुर्चीत बस, मान झुकव आणि गप्प राहा. पुढचं ते बघतील.

वाट बघते.

तुझी,
दोन भोवऱ्यांची चिंगी