तेरा नंबरचा पाना

रोहा, रविवार सकाळ

रेचल,

पेणला जातोय. गिऱ्हाइकाला घेऊन चारला येतो. फियाट आज विकली गेली की इस्रायलची तिकिटं काढता येतील.

फॅनबेल्ट पुन्हा ढिला सापडला. मागे तो असा किंचाळला की खांब गावाहून गाडी बघायला आलेला माणूस चहासुद्धा न घेता परत गेला. तेव्हा मी बेल्टलाच दोष दिला. पण या शुक्रवारी मी स्वतः बेल्ट ताणून डायनॅमोचा बोल्ट आवळला, अंगठ्यानं दाबून बघितला आणि मगच आंघोळीला गेलो. शनिवारी शब्बाथ, आपल्या घरात कुणी हत्याराला हात लावत नाय. आज बघतो तर बोल्ट मोकळा, आणि त्याचा तेराचा पाना पेटीत स्वच्छ पुसून ठेवलेला. मी पाने कधी पुसतो?

शुक्रवारी मावळतीला शब्बाथचा दिवा लावायला तुला उशीर झाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणालीस, वाती सापडत नव्हत्या.

बेल्ट पुन्हा आवळलाय. इस्रायलला यायचं नसेल तर तोंडानं सांग. सांगवत नसेल तर पाना ओट्यावर ठेवलाय. गिऱ्हाइकासमोर मी बेल्टलाच दोष देईन.

एलियास