समृद्धीचा गणवेश

खांदा कॉलनी, पनवेल

प्रिय शैलेश,

संस्कृतात काठावर पास होऊनही माणूस डॉक्टर होतो, याचा जिवंत पुरावा म्हणून मी अजून वर्गात तुझं नाव घेते. मुलांना धीर येतो. जूनमध्ये तू औषधाची पिंपं घेऊन आमच्या शाळेत आलास आणि चारशे गणवेश बुडवून दोऱ्यांवर टांगलेस, तेव्हा आमचे शिपाईमामा म्हणाले, "बाई, हे डॉक्टर की रंगारी?" कपड्यावर बसलेला डास मरेल, डेंग्यूला तेवढाच आळा बसेल, एवढं सोपं करून तू सांगितलंस. सूचना मात्र प्रार्थनेनंतर मीच वाचली, माझ्या त्या खणखणीत आवाजात. आठवड्यातून एकदाच धुवा, गार पाण्यात, सावलीत वाळवा. नाहीतर औषध निघून जाईल.

काल तुझं पत्र आलं. समृद्धीच्या गणवेशाच्या तुकड्यात औषध जवळजवळ सापडलंच नाही, म्हणजे बुडवण्यात तुझीच हयगय झाली, असं या प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे कबूल करून तू सगळं बंद करणार आहेस म्हणे. घाई करायची तुझी जुनी खोड.

तू तिला फक्त तपासणीच्या कागदावर पाहिलंस. सहावीत होती, पहिल्या बाकावर. वडील जासईला कंटेनरची गाडी चालवतात, आई हौसा उरण नाक्यावर मासळी विकते. तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही. कौतुकात आम्ही शिक्षक फार चिकट.

दर शुक्रवारी मी स्वच्छतेची तपासणी घेते. नखं, केस, कॉलर. (तू असतास तर दर शुक्रवारी वर्गाबाहेर असतास.) सूचनेप्रमाणे गणवेश रविवारचा धुतलेला, घर एका खोलीचं, त्याच खोलीत मासळीची पाटी. जुलैत एका शुक्रवारी तिच्या वहीवर वाकले आणि म्हणाले, "काय गं मीनगंधे, गृहपाठ कुठाय?" अवघड शब्दाचा अर्थ विचारायची सवय वर्गाला मीच लावलेली. अर्थही मीच सांगितला, माशाचा वास येणारी. पोरं हसली. तीही हसली, म्हणून मला वाटलं, चालला विनोद.

सोमवारपासून तिचा गणवेश लखलखीत. सलग चार आठवडे स्वच्छतेचा बिल्ला मी तिलाच लावला. कॉलर विरत चालली होती, निळा रंग उडाला होता. हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं लिहायला आवडलं असतं. आलं होतं. सूचना मला पाठ होती. पण पोरगी इतकी टापटीप झाली, आता कुठे टोकायचं, असं वाटलं.

सप्टेंबरात ताप आला. सहाव्या दिवशी सकाळी गेली.

परवा हौसा शाळेत आली. हातात घडी घातलेला गणवेश. तुझ्या माणसाने कापून नेलेला कोपरा तिने त्याच रंगाचं ठिगळ लावून शिवला होता. म्हणाली, "बाई, दुसऱ्या कुना पोरीला द्या. रोज उकलत्या पान्यात सोडा टाकून धुवायची मी. तुमी हुंगून बघा, वास नाय." मी हुंगला. नव्हता.

शैलेश, हे पत्र खरं तर तुझ्या समितीसाठी आहे. त्यांना लिहायला हात धजेना, म्हणून तुझ्याशी बोलत लिहिलं. त्यांना वाचून दाखव. औषध टिकलं असतं तर ती वाचलीच असती, असं तू म्हणणार नाहीस. डास घरीही होते. पण बाकीच्यांचे गणवेश बंद करू नकोस. फक्त एक कर. अहवालात गणवेश रोज धुतला गेला एवढंच लिही, आणि धुवायला लावणारी म्हणून माझं नाव घाल. हौसाचा उल्लेख त्यात कुठेही नको, आणि वाचून दाखवतानाही तिचं नाव गाळ. धुतल्याने औषध जातं, हे तिला अजून माहीत नाही. सूचनेचा कागद घरी गेला होता. पण वाचून दाखवणारी घरात एकच होती.

तुझ्या संस्कृतच्या बाई,
वसुंधरा