एक मिनिट बावन्न सेकंद

सुझाका, १८ मे

चि. चिनात्सुस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. सफरचंदाची फुलं झडली, माझा गुडघा मात्र अजून कुरकुरतोय. आईच्या फोटोपुढे रोज पहिला भात ठेवतो, तेव्हा दर फोनला तीच चौकशी नको.

हसशील, पण तुझा बाप आता टॅब्लेट चालवतो. सार्वजनिक सभागृहात आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग असतो. तिथल्या हिराबायाशीने मला यंत्राच्या आवाजातली गाणी दाखवली. गाणारं माणूसच नाही. कुणीतरी संगणकावर एकेक अक्षर भरतं, बोटाने सूर वरखाली ओढतं आणि एक बनावट पोरगी गाते. ऐकणाऱ्यांचे शेरे गाणं चालू असतानाच पडद्यावरून पळत जातात. ज्या सेकंदाला तुम्ही लिहिलंत, त्याच सेकंदाला पुढे प्रत्येकाला ते दिसतं. छत्तीस वर्षं शाळेत वृंदगान शिकवलेला माणूस मी, गप्प बसतोय होय. ‘शेजारची खोली’ म्हणून एक गाणं होतं, त्याचे चांगलेच कान उपटले. एक मिनिट बावन्न सेकंदांवर लिहिलं, की इथे श्वास नाही, गाणारी मेली की काय. हिराबायाशी पोट धरून हसला.

ऑगस्टात ओबोनला, पितरांच्या सणाला, ये. आई त्या तीन दिवसांत घरी येणार आणि तू नसणार, असं नको.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
बाबा

कावासाकी, २९ मे

ती. बाबांस,
चिनात्सुचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक घ्या, आळस करू नका. माझं ऑफिस नेहमीसारखं. ओबोनला जमेल असं वाटत नाही.

संध्याकाळी मी घरी बसून एक काम करायचे, सहा वर्षं करत होते. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. ते आता बंद केलंय. संगणकातून सगळं काढूनही टाकलं, त्यामुळे खोली रिकामी वाटते.

एक विनंती आहे. ते ‘शेजारची खोली’ पुन्हा एकदा ऐका. आवाज सोडा, दुसऱ्या कडव्याचे शब्द ऐका.

आहे तशी माया राहू द्या.
चिनात्सु

सुझाका, ८ जून

चि. चिनात्सुस आशीर्वाद. खरं तर तो द्यायलाही हात उचलवत नाही.

ऐकलं. आई वर्तमानपत्राच्या कागदात सफरचंदं गुंडाळतेय, गुंडाळता गुंडाळता गुणगुणतेय. शेजारच्या खोलीतून कुणीतरी तिचा सूर दुरुस्त करतं. आई गुणगुणणं थांबवते आणि गुंडाळत राहते. तिच्या थांबण्याची ती जागा एक मिनिट बावन्न सेकंदांवर आहे. तिथेच माझी ओळ पळत येते.

शेजारच्या खोलीत मीच असायचो. तिला फक्त सांगायचो, की वरचा स्वर उतरतोय. ती गप्प झाल्याचं मला कधी कळलंच नाही.

शरमेने मेल्यासारखं झालंय गं. ज्या ओळीवर हिराबायाशीला हसवलं, ती मी तुझ्या आईला उद्देशून लिहिली. पुसायला गेलो तर तो म्हणाला, ते फक्त गाणं करणाऱ्यालाच जमतं. तूच पुसून टाक. आणि काम बंद करू नकोस. एवढं सुंदर लिहितेस, तर यंत्रामागे लपतेस कशाला? स्वतःच्या गळ्याने का नाही गायलीस?

तुझा चुकलेला,
बाबा

कावासाकी, २० जून

ती. बाबांस सा. न.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

मी चौदा वर्षांची होते, तुमच्याच शाळेत, तुमच्याच वृंदात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही मला आडनावाने हाक मारलीत, म्हणजे घरचं माणूस म्हणून सवलत नको. म्हणालात, मिनोवा, तू उद्या फक्त ओठ हलव. शाळेला सुवर्ण मिळालं. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे, तोंड छान उघडलेलं.

त्यानंतर मी कुठेच गायले नाही. कुणाच्या वाढदिवसालाही नाही. हा यंत्राचा आवाज हाती आला तेव्हा वाटलं, याला तरी कुणी गप्प राहा म्हणणार नाही.

आणि तिथला श्वास विसरून राहिलेला नाही, मी मुद्दाम काढला होता. तुम्ही सूर सांगितलात की आई श्वास रोखून वाट पाहायची, अजून काही म्हणताय का म्हणून. तो एक सेकंद बसवायला मला अकरा दिवस लागले होते.

तुमची ओळ मी पुसणार नाही. असू दे तिथे. तब्येतीला जपा.
चिनात्सु

सुझाका, ४ नोव्हेंबर

चि. चिनात्सुस,
आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.

ओबोनला तू आली नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. दिवा मी एकट्यानेच लावला. आईपुढे बसलो आणि दोन तास काही बोललो नाही. तिलाही सवय नसणार.

तो फोटो शोधून काढला. मागे माझ्याच अक्षरात सगळ्यांची नावं आहेत. तुझ्या नावापुढे कंसात मी लिहून ठेवलंय : आवाज नाही. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. तुला चोवीस वर्षं आठवत होतं.

काल आमच्या म्हाताऱ्यांच्या वृंदाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या रांगेत उभा राहिलो आणि चारही मिनिटं फक्त ओठ हलवले. डावीकडचा गात होता, उजवीकडचा गात होता, त्यांचा आवाज माझ्या छातीत घुमत होता आणि माझा आवाज गळ्यापर्यंत येऊन परत जात होता. दुसऱ्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आलं. तू चौदा वर्षांची होतीस, मी एकाहत्तरचा आहे.

पुन्हा गाणं कर, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, म्हणून म्हणत नाही. सफरचंदांची पेटी पाठवतोय. मीच कागदात गुंडाळली, आईइतकी नीट जमली नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर हिराबायाशी पाठीवर थाप मारून म्हणाला, आज आवाज काय लागला होता तुझा.

बाबा