पोळीने पुसलेली ताटली

मिसिसागा (कॅनडा), मार्च २००९

चि. शंतनु,

आशीर्वाद आहेतच, पण आज रागाने लिहिते आहे.

"पाहुण्याला त्याच्या आवडीचं वाढावं," असं आई म्हणायची. तू इथे आलास आणि स्टेक मागितलास. मी आयुष्यात पहिल्यांदा गाईचं मांस हातात घेतलं. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून ओव्हनमध्ये ठेवलं. "ताई, लोण्यासारखं झालंय गं!" म्हणत तू ताटली पोळीने पुसून खाल्लीस.

आणि पुण्याला जाऊन आईला सांगितलंस, ताईच्या घरी गाय शिजते! आता ती माझा फोन घेत नाही. तिचा गुडघा कसा आहे, तेही तुलाच विचारायचं.

मी शिजवलं, ते तिला कळलंच आहे. तू खाल्लंस, तेवढं तिला सांग. सांगणार नाहीस, हे माहीत असूनही मागते आहे.

तुझीच,
ताई